मीठग्रहावरचा डोंगर

२ मार्च

ती. ताईस,

सा. न. वि. वि. या पत्राच्या डाव्या काठावर वरपासून खालपर्यंत लाल रेघ ओढली आहे. दिसली नसेल तर मान वळव, ती आहे. तुझे डोळ्यांचे व्यायाम घेणाऱ्या बाईंना मी फोन केला होता. त्या म्हणाल्या, हाताने लिहिलेलं काहीतरी रोज वाचायला द्या, आणि लाल रेघ दिसेपर्यंत डावीकडे गेल्याशिवाय एकही ओळ सुरू करू देऊ नका. म्हणून आपले फोन बंद आणि पत्रं सुरू. माझं अक्षर वाचणं हाच मुळात व्यायाम आहे असं तू म्हणणार, ते मीच आधी म्हणून टाकतो.

भाऊजी सांगत होते की परवा तू ताटातली डावीकडची भाजी तशीच ठेवलीस आणि वर भाजी वाढली नाही म्हणून त्यांच्यावरच चिडलीस. त्या बिचाऱ्यांनी नुसतं ताट फिरवलं म्हणे. डॉक्टरांचं म्हणणं मला पटतं. मेंदूला झटका बसूनही हात वाचले, पाय वाचले, जीभ तर जास्तच वाचली. गेली ती फक्त दोन्ही डोळ्यांची डावीकडची नजर. पण तुझ्यासारखीला हे ‘फक्त’ म्हणून कसं सांगायचं, ते मला कळत नाही. बंदराच्या यार्डवाल्यांनी तुझी क्रेन जूनपर्यंत राखून ठेवली आहे, जूनमध्ये कंपनीचे डॉक्टर तपासणार, आणि तोवर तुझ्या जिवाला चैन पडणार नाही हे मला माहीत आहे.

तर मुख्य बातमी. कामाच्या खोलीतलं कपाट आवरताना, कवळ्यांसाठी घेतलेल्या कुणाकुणाच्या जबड्यांच्या साच्यांखाली, आपल्या लहानपणच्या कॉम्प्युटरवरच्या खेळाची, मीठग्रहाची, सीडी सापडली! खोक्यावरचं खरं नाव आपल्याला कधीच धड उच्चारता आलं नाही, म्हणून मीठग्रह. आठवतं ना? निळ्या मिठाच्या खाणी, आपले यंत्रवाले आणि समोरचे कवचवाले. मीठ गोळा करायचं, त्यातून तळ उभारायचा, आणि आपण विचार करत बसलो तरी समोरचा थांबत नाही, त्याचंही बांधकाम चालूच. एकच कॉम्प्युटर, म्हणून माउस तुझ्याकडे आणि बटणं माझ्याकडे. भांडणं मात्र दोघांची.

नव्या कॉम्प्युटरवर तो चालेना. नाकी नऊ आणले, शेवटी चालला. या पाकिटातल्या पेनड्राइव्हमध्ये घालून पाठवतो आहे. बाईंना विचारलं, त्या म्हणाल्या, मान वळवून पूर्ण पडदा पाहत असेल तर खुशाल खेळू दे. मला उत्सुकता एवढीच आहे की तुला अजून तो आवडतो का.

लोभ असावा, राग आल्यास तोही कळवावा.

तुझा,
ढब्बू


१७ मार्च

चि. ढब्बूस,

अनेक आशीर्वाद आणि एक टपली. लाल रेघ दिसली. पहिल्यांदा वाचलं तेव्हा प्रत्येक ओळ मधूनच सुरू झाली, आणि मला वाटलं, दातांच्या कवळ्या करून करून याचं डोकं फिरलं. मग मान वळवली, तेव्हा कुठे तू माणसासारखं लिहिलं आहेस असं कळलं.

लोकांना वाटतं, मला डावीकडे काळं दिसतं. काळं दिसलं असतं तर बरं झालं असतं, निदान तिथे काहीतरी राहून जातंय हे समजलं असतं. मला तिथे सगळं ठीकच दिसतं. बाई म्हणतात, मेंदूला रिकामी जागा आवडत नाही, तो ती आपल्या मनाने भरतो. भिंत असेल तर भिंत पुढे ओढतो. तिथे दार असलं तर मी दारावर आपटते.

आता गंमत ऐक. मीठग्रह लावला. तेच कर्कश संगीत, तोच खाणीचा गाडा, आणि त्याला कामाला लावलं की त्याचं तेच कुरकुरत हो म्हणणं. तुझे भाऊजी स्वयंपाकघरातून विचारत आले की कोण पाहुणे आलेत. जिथे आपण कधी गेलोच नाही तिथे नकाशा काळा, हे मला आठवत होतं. पण एक गोष्ट मी पार विसरले होते. जिथे आपण जाऊन आलो पण आता आपलं कुणी उभं नाही, तिथली जमीन दिसत राहते, आणि दिसते ती मागच्या वेळची. तिथे कवचवाल्यांनी आख्खं गाव वसवलं तरी आपल्याला मोकळं माळरानच दिसणार. मी खुर्चीत ताठ बसले. माझी डावी बाजू हुबेहूब अशीच आहे रे. इतके डॉक्टर झाले, पण हे इतकं स्वच्छ मला कुणी समजावलं नव्हतं.

आणि पहिलाच डाव जिंकले! त्या आनंदात मी क्रेनच्या केबिनचंच स्वप्न पाहिलं. तू एकदाच वर आला होतास आणि खाली बघून पांढरा पडला होतास. मला मात्र ते काचेचं खोकं घरापेक्षा आपलं वाटतं. खाली रंगीत कंटेनरांच्या रांगा, आणि त्यांच्यामधून फिरणारे आमचे कुलूपवाले. कंटेनर टेकला की कोपऱ्यांची कुलुपं हाताने सोडवणारी माणसं ती. वरून फक्त त्यांची पिवळी हेल्मेटं दिसतात. ते सगळे माझ्या भरवशावर फिरतात. मला जूनमध्ये परत वर जायचं आहे. बाकी काही नको.

माझा लोभ आहे तेवढा पुरे, आता वजन कमी कर.

ताई


८ एप्रिल

ती. ताईस,

सा. न. आणि विजयी सलाम. तुझ्या पत्रानंतर भाऊजींचा निरोप आला की तू रोज खेळतेस आणि रोज जिंकतेस, आणि जिंकलीस की चहा मागतेस. बघ, मी म्हणत नव्हतो? नजर गेली असेल, पण डोकं शाबूत आहे. मला तर वाटतं, तू आताच यार्डातल्या मुकादमांना कळवून टाक की येतेय म्हणून. एवढे कवचवाले लोळवणाऱ्या बाईला चार कंटेनर काय जड आहेत?

इकडे काम चिक्कार. एका निवृत्त मास्तरांची कवळी चालली आहे. त्यांना सगळे दात एका ओळीत, शिस्तीत उभे राहिलेले हवेत. मी त्यांना पुन्हा पुन्हा समजावलं की सगळे सारखे केले की खोटे आहेत हे लांबूनच ओळखू येतं, एखादा किंचित वाकडा ठेवावा लागतो. ते म्हणाले, जन्मभर वाकड्यांना सरळ केलं, आता तोंडात वाकडा कसा ठेवू? शेवटी मी एक सुळा त्यांच्या नकळत जरासा कलता बसवला. आरशात पाहून खूश होऊन गेले.

तू खेळत राहा. आणि नकाशा तोच ठेव, बदलू नकोस, सवय झाली आहे तर उगाच कशाला.

लोभात खंड नसावा, डावातही नसावा.

ढब्बू


२६ एप्रिल

चि. ढब्बूस,

आशीर्वाद सध्या राखून ठेवले आहेत. आधी माझ्या प्रश्नाचं उत्तर दे.

मी हरत असते तर मला काही वाटलं नसतं. सतत जिंकत होते म्हणून शंका आली. कवचवाले यायचे ते उजवीकडून, नाहीतर वरून. डावीकडून कधीच नाही. आणि मला तर स्वच्छ आठवत होतं की याच नकाशात पश्चिमेकडच्या मिठाच्या मैदानावरून ते शिरायचे. एकदा तिथला आपला गाडा त्यांनी फोडला तेव्हा तू जेवला नव्हतास. माझी आठवण चुकते आहे की झटक्यात तीही गेली, ते कळेना. म्हणून काल कवचवाल्यांना वाऱ्यावर सोडलं आणि एक साधा टेहळ्या पश्चिमेला पाठवला. तो चालतोय, मी त्याच्यामागे मान वळवतेय. एरवी माझी नजर जिथे कधी जात नाही, अगदी पडद्याच्या डाव्या काठापर्यंत गेले.

तिथे डोंगर होता. वरपासून खालपर्यंत, मुंगीलाही फट नाही असा. मूळ खेळात तो नव्हता, हे मी कुणाच्याही डोक्यावर हात ठेवून सांगेन. मला आधी कुतूहलच वाटलं, राग नाही. कारण डोंगर फार सुंदर होता. शिखरं एकाच उंचीची, पण मधलं एखादं किंचित कललेलं. मी ते कललेलं शिखर पाहत बसले, आणि मग तुझं मास्तरांच्या सुळ्याचं पत्र पुन्हा काढून वाचलं.

खेळाबरोबर नकाशे बनवायचं साधन यायचं, हे मला आठवतं. तेव्हाही त्यात तूच गुंग असायचास.

आता खरं सांग. तो डोंगर तू घातलास का? मी इतके दिवस ज्या बाजूला बघत नव्हते, ती बाजू तू बंद करून टाकली होतीस का?

ताई


३ मे

ती. ताईस,

सा. न. वि. वि. हो, मीच.

पेनड्राइव्ह पाठवायच्या आधी मी तो नकाशा स्वतः खेळून पाहिला. डाव्या डोळ्यासमोर हात धरून. तसं करून तुझ्यासारखं दिसत नाही हे तुझ्या पत्रानंतर कळलं, पण तेव्हा मला वाटलं, माझी बहीण पहिल्याच डावात हरेल, मग दुसरा लावणार नाही, मग मान वळवणंही सोडून देईल. मला ते बघवलं नसतं. म्हणून डोंगर उभा केला. थोडे दिवस ठेवू, मग हळूच काढू, असं ठरवलं होतं. मग तू जिंकत गेलीस, आणि माझाच माझ्या डोंगरावर विश्वास बसला. मुकादमांना कळव असं लिहिताना मी खरोखर विसरलो होतो की पश्चिम बंद आहे. यापेक्षा मोठा गाढवपणा माझ्या हातून झालेला नाही. एखादा कुलूपवाला कंटेनरखाली आला असता, या विचाराने चार रात्री झोप लागलेली नाही.

मूळ नकाशा सोबत पाठवतो आहे. एका शिखरालाही हात लावलेला नाही, कारण त्यात शिखरच नाही. तू मला रागाव, पण पत्र लिही.

लोभ मागायची माझी आता छाती नाही.

ढब्बू


१२ जून

चि. ढब्बूस,

अनेक आशीर्वाद. राखून ठेवलेलेही यातच आले. राग अर्धा गेला, अर्धा शिल्लक आहे. तो तू समोर आलास की काढेन.

मूळ नकाशा लावला. कवचवाले पश्चिमेकडून आले आणि माझा गाडा, मैदान, सगळं खाऊन गेले. मी मान वळवत नव्हते असं नाही. वळवत होते, बाई शिकवतात तशी, डावीकडून उजवीकडे. मी डावीकडे पाहिलं तेव्हा तिथे कुणी नव्हतं. मी उजवीकडे गेले आणि ते आले. पुन्हा लावला, पुन्हा हरले. एकदा तर इतकी चिडले की भाऊजींनी न मागता चहा आणून ठेवला आणि पाय न वाजवता परत गेले. मग हळूहळू जमलं. आता मी त्या उघड्या नकाशावर जिंकते, रे. डोंगराशिवाय. हे तुला सांगताना मला केवढा अभिमान वाटतोय ते तुला कळेल, कारण तूच एकटा हा खेळ ओळखतोस.

आणि जिंकले म्हणूनच मला दिसलं. जिंकलेल्या प्रत्येक डावात डावीकडचा कुणीतरी जातोच. कधी गाडा, कधी एखादा साधा शिपाई. मी पोचते, पण जराशी उशिरा पोचते. खेळात चालतं, मीठ देऊन दुसरा शिपाई बनवता येतो.

मागच्या आठवड्यात कंपनीच्या डॉक्टरांनी तपासलं. म्हणाले, नजर आली नाही, येणारही नाही, पण मान वळवण्याची सवय उत्तम लागली आहे, तुमची स्वतःची खात्री असेल तर दिवसाच्या हलक्या पाळीला चढून बघायला हरकत नाही. मुकादम शेजारी हसत उभे होते. एवढ्या महिन्यांत मी याच एका वाक्याची वाट पाहत होते. आणि मी म्हणाले की माझी खात्री नाही. डॉक्टरांना वाटलं, मला ऐकू आलं नाही, त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं आणि केबिनची किल्ली टेबलावर ठेवली. घरी येताना गाडीत हुंदके देऊन रडले. भाऊजींनी गाडी कडेला घेतली आणि माझं रडून होईपर्यंत तिथेच उभी ठेवली. ती केबिन माझी होती, ढब्बू. मला तिच्यावाचून कसं होणार, ते अजून कळलेलं नाही.

मुकादमांनी मला खाली ठेवून घेतलं आहे. नव्या चालकांना शिकवायचं, आणि ते वर असताना जमिनीवर उभं राहून वॉकीटॉकीवर सांगायचं. काल पहिला दिवस. माझ्या क्रेनवर एक नवी मुलगी चढली होती, हात चांगला आहे तिचा, घाई मात्र फार. खाली उभी राहून मी फक्त बघत होते, लांब डावीकडून सुरुवात करून, सावकाश. माझ्याकडे दुसरं कामच नाही. कंटेनर उतरत होता आणि रांगेच्या डाव्या टोकाला एक कुलूपवाला अजून वाकलेलाच होता. कंटेनरच्या आड असल्यामुळे तिला तो वरून दिसणं शक्य नव्हतं. मी तिला थांब म्हटलं. कंटेनर हवेत थांबला. कुलूपवाला सरळ झाला, हेल्मेट मागे सारून घाम पुसला, आणि पुढच्या कुलपाकडे चालत गेला. वर एकदा बघितलंसुद्धा नाही त्याने.

सवड काढून ये. लोभ होता तसाच आहे.

तुझी,
ताई