चालती चांदणी, खालचा जिना

१९ डिसेंबर ९३, रविवार

सुमननं वही आणून दिली. म्हणाली, "दिवसभर माझ्यावर खेकसण्यापेक्षा ह्यात लिहा." पाठीवर पडून लिहायचं म्हणजे हात भरून येतो, म्हणून नावं आखूड. बायको सुमन म्हणजे सु. कंपनीतला दोस्त उत्तम म्हणजे उ.

प्लास्टर कमरेपासून डाव्या पायाच्या बोटांपर्यंत. प्रेसवरचा डाय, तो लोखंडी साचा, उतरवताना साखळी सुटली, मांडीचं हाड मोडलं. वाळूजपासून दवाखान्यापर्यंत टेम्पोत उ.नं माझं डोकं मांडीवर धरलं होतं. एकच घोकत होता, "झोपू नको दत्ता, शिव्या दे मला." दिल्या. सगळ्या दिल्या.

आमची खोली गच्चीवर. जिना अरुंद, मधे वळण. उ. आणि शिफ्टमधल्या तिघांनी मला फळीला बांधून वर आणलं. वळणावर तर उभाच केला, मढ्यासारखा. आता खाली उतरायचं तर परत चार माणसं पाहिजेत. तोवर कठड्याच्या वरचं आभाळ आणि कठड्याखालून येणारा गुलमंडीच्या बाजाराचा गलका. गल्ली दिसत नाय. मान वळवली तरी नाय.

२१ डिसें., मंगळ

उ. पहिली पाळी करून आला. पेरू आणले. माझ्या प्रेसवर नवा पोरगा लावलाय म्हणे. उ.नं लगेच पेरू कापायला घेतला.

दिवेलागणीची वेळ. खाट अजून बाहेरच. नैर्ऋत्येकडून एक चांदणी निघाली. निघाली म्हणजे चालायलाच लागली. मी म्हणलो विमान. उ. म्हणला, "विमानाचा दिवा मिचमिचतो, घरघर येते. हिचा आवाज कुठंय?" खरंच नव्हता. आमच्या डोक्यावरून सरळ गेली, लई तेज, आणि पूर्वेकडं जाता जाता विझली. मावळली नाय. मोकळ्या आभाळात, कुणी फुंकर मारावी तशी.

सु. तांदूळ निवडत होती. सूप मांडीवर तसंच.

कितीतरी दिवसांनी पाय विसरलो होतो.

२२ डिसें., बुध

उ. जिन्यातूनच ओरडत आला, "दत्ता, माणसं हायत त्यात!" कँटीनमधल्या पेपरात आलंय. रशियाचं स्टेशन. माणसं महिनोन् महिने वर राहतात. जेवतात, झोपतात, पृथ्वीला चकरा मारतात.

सु.: "आणि बाहेरचं कुठं करतात?"

उ. लाजला. मी म्हणलो, माझ्यासारखंच भांडं असंल. तिघंही हसलो. प्लास्टरमधे हसू नये. कळ थेट मेंदूत जाते.

२५ डिसें., शनि

आज चांदणी जरा उशिरा आली. उ.ची दुसरी पाळी. मी नानांना हाक मारून वर बोलावलं.

नाना म्हणजे आमचे घरमालक. वैजापूरकडचे शेतीवाले, इथं सरकारी कचेरीत आहेत. माणूस चांगला. अपघाताच्या दिवशी त्यांनीच फोनाफोनी केली. रोज अंग पुसायला गरम पाण्याची बादली काकू वर पाठवतात. हे आधी लिहून ठेवतो.

कानटोपी घालून आले. मी बोट दाखवलं. चांदणी डोक्यावर आली तसे त्यांचे हात आपोआप जोडले गेले. मग स्वतःच हसले. "अन् ह्यात माणसं आहेत म्हणता? काय दिवस आले!"

ती विझली. नाना जाईनात. कठड्याला टेकून म्हणाले, "दत्ता, एक बोलायचं होतं."

त्यांचे थोरले भाऊ, आप्पा, दोन पोरांना घेऊन गावाहून येतायत. संक्रांतीपर्यंत मुक्काम. विद्यापीठाच्या नावाचं वारं परत सुटलंय, आप्पा नामांतराच्या विरोधातले, डोकं गरम. "तुमचा तो मित्र. जिन्यात समोरासमोर आले तर? चार दिवस त्याला म्हणावं, येऊ नको. वातावरण निवळू दे."

मग म्हणाले, "तुमची गोष्ट वेगळी. तुम्ही आपल्यातलेच."

मी "बरं" म्हणलो.

आमचा बाप बिडकीनच्या बाजूला मेंढरं घेऊन असल्याच घरांपुढं उभा राहायचा. पाणी वरून ओंजळीत मिळायचं. तेव्हा कोण कुणातलं होतं?

पण बरं म्हणलो. पाय त्यांच्या घरात, पाणी त्यांचं, फोन त्यांचा.

२६ डिसें., रवि

उ.ला सु.नं सांगितलं, कोपऱ्यावरच्या चहाच्या गाड्यापाशी. मी विचारलं, काय म्हणला?

"बरं म्हणाले. अन् पेरूची पिशवी दिली."

खाल्ले नाय. सु.नं पण नाय.

२८ डिसें., मंगळ

खाली आप्पांचा आवाज. पुतण्यांची मोटरसायकल. दाराशीच लावतात, सु.ला अंग चोरून जावं लागतं.

सु. फॉल लावलेल्या साड्या दुकानात द्यायला गेली होती. तेवढ्यात चांदणी. आज अगदी उत्तरेकडून, कठड्यालगत खालून गेली. "ती बघ" म्हणायला कुणी नाय. तोंडातून आलंच होतं.

मांडीच्या आत खाज. विणायची सुई घालून खाजवतो, पोचत नाय.

३१ डिसें., शुक्र

सु.ला उ. परत भेटला. त्याचा निरोप: "दत्ताला सांगा, मी पण बघतो. पत्र्यावर चढतो. काल ढगात होती, अर्धीच दिसली." मी निरोप दिला, मला पुरी दिसली.

मग विचार करत पडलो. उ.च्या घराचं त्यानं मला एकदाच सांगितलंय, बसमधे, खिडकीकडं बघत. अठ्ठ्याहत्तरला तो बारा-तेरा वर्षांचा. नामांतराच्या दंगलीत गावातलं घर पेटवलं, बाप त्याला खांद्यावर घेऊन शेताशेतातून पळाला. शहरात आले ते परत गेलेच नाय. असल्या माणसाला "चार दिवस येऊ नको" हा निरोप मी बायकोच्या हातून धाडला.

३ जानेवारी ९४, सोम

चांदणी बंद. तीन दिवस खाट बाहेर काढून बसतो, म्हणजे पडतो. विमानं दिसतात फक्त.

बोटं सुजलीत. सु. दवाखान्यात विचारून आली. १७ तारखेला एक्स-रे. चुकवायचा नाय. हाड वाकडं सांधलं असंल तर आताच कळायला पाहिजे, नंतर परत मोडावं लागतं. नानांच्या कानावर गेलं. वर येऊन म्हणाले, "काळजी कसली? माझे पुतणे तगडे आहेत. ते उतरवतील."

६ जाने., गुरु

सु.शी भांडण. मी म्हणलो, पुतण्यांच्या हातानं मी उतरणार नाय. ज्यानं वर आणलं त्याला दाराबाहेर ठेवायचं, अन् ज्यांच्यापायी ठेवायचं त्यांच्याच खांद्यावर जायचं?

सु.: "पाय जन्माचा वाकडा झाला तर? भांडं मी काढते. कुशीवर मी वळवते. बाणा दाखवायचा तर उभं राहून दाखवावा, पडून नाय."

बोलली ते खरं. म्हणून जास्त ओरडलो. ती आत जाऊन मशीनवर बसली. मशीनचा आवाज नुसता, शिवत काही नव्हती.

संध्याकाळी ताट आणून ठेवलं. "गिळा."

९ जाने., रवि

रेडिओवर: त्या स्टेशनावर काल नवीन माणसं निघाली. त्यातला एक डॉक्टर वर्षाच्या वर राहणार. स्वतः होऊन.

सु.: "त्याची बायको काय म्हणली असंल?"

भांडणानंतर तेवढंच बोलली. बरं वाटलं.

१२ जाने., बुध

नानांना सांगितलं.

सकाळी बादली घेऊन ते स्वतः आले, काकूंचे गुडघे दुखतायत. मी म्हणलो, नाना, १७ ला उत्तम येईल. त्याच्यासोबत आमच्या शिफ्टचे तिघं. समोरच्या दारानं. तुम्हाला चालत नसंल तर मी एक्स-रेला जात नाय.

"हा काय हट्ट? माझं काही नाही हो. आप्पा..."

"घर तुमचं हाय का आप्पांचं?"

असं बोलायला नको होतं. भाडेकरू मी. नानांचा चेहरा पडला. बादली ठेवली. पाणी हिंदकळून चादरीवर आलं, ते पण पुसायला वाकले. म्हणाले, "तुम्हाला वाटतं मला काही कळत नाही. रिटायर झाल्यावर मला गावीच जाऊन राहायचंय. त्या भावाच्या शेजारी." आणि गेले.

पुतण्या जिन्याखाली उभा होता, सु.नं बघितलं. ऐकलं असंल.

जीभ सुटली तर पाय अडकला. आता खोली सोडा म्हणाले तर? मला उचलून ठेवायचं कुठं? हातगाडीवर?

१४ जाने., शुक्र. संक्रांत

झालं. विद्यापीठाला नाव मिळालं, जुन्या नावाला जोडून. रेडिओवर ऐकलं.

गुलमंडी बंद. चौकात पोलीस. इथं आल्यापासून पहिल्यांदा कठड्याखालून आवाज नाय. लांब कुठंतरी फटाके, लई लांब, उ.च्या वस्तीच्या अंगाला. खाली आप्पा कुणावर तरी ओरडले, भांडं पडलं, मग शांत.

उ.ला मिठी मारायची होती. निदान ओरडून काहीतरी म्हणायचं होतं. ह्या गच्चीवरून कितीही ओरडलो तरी पहिल्यांदा आप्पांनाच ऐकू जाणार.

सु.नं तिळगूळ केला. नानांकडं वाटी घेऊन गेली. काकूंनी घेतली, दाराआडून.

१५ जाने., शनि

दुकानं अर्धी उघडली. सु. थेट उ.च्या घरी गेली. मला न विचारता. पहिल्यांदाच गेली. त्याच्या आईनं तिला जेवल्याशिवाय सोडलं नाय.

उ. म्हणला: "वहिनी, मागच्या बोळातून येणार नाय. अंधारात येणार नाय. गुपचूप तर नायच. त्याला उचलायला लागतो म्हणून येऊ द्यायचं अन् परत बंद करायचं, असंही नको. मालकानं एकदा ये म्हणावं. सोमवारी उजाडल्यावर मी दारात उभा हाय. नाय उघडलं तर तिथंच उभा राहीन. भांडणार नाय."

आणि: "दत्ताला सांगा, आपली चांदणी आता पहाटे दिसते. पहिल्या पाळीच्या बसला जाताना बघितली."

सु. हे सगळं उभ्यानंच सांगत होती. मग बसली. म्हणाली, "चूक माझी होती असं नाय. पाय सरळ व्हायलाच पाहिजे. पण उत्तम भाऊजींनीच उचलायचं."

१६ जाने., रवि

सु.नं नळावर नानांना गाठलं. आप्पा ओट्यावर दात घासत होते, त्यांच्या देखत. म्हणाली, "नाना, उद्या उत्तम भाऊजी येतायत. ह्यांना न्यायला. दार उघडं ठेवा."

नानांनी नळ बंद केला. आप्पा चूळ भरून म्हणाले, "कोण उत्तम?" सु.नं पूर्ण नाव सांगितलं, आडनावासकट.

मी वर पडून ऐकत होतो. बाईचा आवाज कापला सुद्धा नाय. वर आली तर हात रिकामे. घागर तशीच खाली राहिली होती, आणायला परत गेली.

आप्पा संक्रांतीनंतर जाणार होते. गेले नाय. मोटरसायकल दाराशीच.

१७ जाने., सोम. पहाट

सु.नं खाट दारापर्यंत ओढली. दोन गोधड्या, वर बापाचं घोंगडं. आभाळ काळंभोर, तोंडातून वाफ. वाट बघून डोळ्यांना पाणी आलं. मग उत्तरेकडं, जिथं काहीच नव्हतं तिथं, एकदम पेटली. चालत आली. सु.नं माझा हात धरला.

उजाडतंय. सु.नं माझ्या पाठीखाली फळी सरकवलीय, पट्टे बांधायचे बाकी. कागद, जुना एक्स-रे, पाण्याची बाटली पिशवीत. खाली नानांच्या घरात कुणीतरी उठलंय, बादलीत पाणी पडतंय.

गल्लीत पावलं. एकापेक्षा जास्त माणसं.

"दत्ताऽ!" उ.चा आवाज. मोठ्यानं, सगळ्या गल्लीला जाईल असा.

खालचं पाणी थांबलं. नाना खोकले. आप्पा म्हणाले, "कोण आहे?" चपला वाजल्या, दाराकडं जातायत, कुणाच्या ते कळत नाय.

सु. जिन्यात उतरलीय. मी मान उचलून बघतोय, जिन्याची पहिलीच पायरी दिसते.

खालच्या दाराची कडी आतून वाजली.