विमा मला समजला आहे

४ फेब्रुवारी, सकाळी
आजपासून विमा समजून घ्यायचा. गाडीचा, आयुष्याचा, तब्येतीचा. तिन्ही. महिनाभर पुरे. मेहुणा विमा एजंट आहे आणि अकरा वर्षं मागे लागला आहे, पण त्याच्याकडून काही घ्यायचं नाही. तेवीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासतो आहे. बारीक टाइप माझ्याइतका कुणी वाचला नसेल. आणि विमा म्हणजे तरी काय, बारीक टाइपच.
बायकोला सांगितलं. ती डबा भरत होती. बरं म्हणाली.

५ फेब्रुवारी
दमलो होतो. उद्यापासून.

१९ फेब्रुवारी
सुरुवात गाडीपासून. विमा दोन प्रकारचा. एक सगळ्या नुकसानीचा, महाग. दुसरा थर्ड पार्टी, स्वस्त. नीट विचार केला. पहिली पार्टी कंपनी, दुसरी एजंट, तिसरी मी. म्हणजे माझाच विमा! मग जास्तीचे पैसे कशाला? लोक विचार करत नाहीत आणि फसतात. थर्ड पार्टी घेऊन टाकला.

२ मार्च
गाडी मागे घेताना छापखान्याच्या फाटकाचा खांब लागला. बंपर आत गेला, उजवा दिवा फुटला. खांबाला दोष देत नाही, पण तेवीस वर्षं तिथे उभा आहे, कधी मध्ये आला नव्हता.

३ मार्च
गॅरेजवाल्याचं म्हणणं, थर्ड पार्टी म्हणजे मी नव्हे, मी ज्याला ठोकलं तो. म्हटलं, खांब? हो म्हणाला. खांबाचं काही मोडलं असतं तर कंपनीने भरून दिलं असतं. माझ्या गाडीचं नाही.
संध्याकाळी मुद्दाम जाऊन खांब पाहिला. ओरखडासुद्धा नाही.

१६ मार्च
मेहुणा जेवायला आला होता. आयुर्विम्यावर बोलला. मुदतीचा विमा घ्यायचा, दरवर्षी हप्ता भरायचा. मुदतीत गेलो तर घरच्यांना मोठी रक्कम. जगलो तर काही नाही. म्हटलं, म्हणजे मला जिंकायचं तर मरावं लागेल. त्यावर तो म्हणाला की दाजी, हा विमा तुमच्यासाठी नसतोच, ताईसाठी असतो. भावनेला हात घालायचा! शिकवतच असतील यांना. फॉर्म ठेवून गेला.

१७ मार्च
फॉर्म स्वतःच्या अकलेने भरला. नॉमिनीच्या रकान्यात माझंच नाव घातलं. हप्ते मी भरणार, मग हक्क दुसऱ्याचा का?

१८ मार्च
मेहुण्याचा फोन. बराच वेळ नुसता हसत होता. मग म्हणाला, ताईला द्या. तीही हसली, इतकी की पोट धरून खाली बसली. नंतरही जरा वेळ तशीच बसली होती.
आयुर्विमा तूर्त बाजूला. माझ्या वयाला घाई नाही.

७ एप्रिल
तब्येतीचा विमा घेतला. दोघांचा. मेहुण्याला बाजूला ठेवून, थेट कंपनीकडून. वाचून पटला नाही तर महिनाभरात परत करता येतो. मराठी प्रत मागवली, अठ्ठेचाळीस पानं आली. रोज चार वाचायची.

११ एप्रिल
चार झाली. मान दुखते आहे. पण पाया पक्का होतो आहे.

२८ एप्रिल
संपली! एक ओळ सोडली नाही. चौपन्न चुका. पान एकोणीसवर 'पित्ताशय'मधला पि दीर्घ आणि 'प्रतीक्षा'मधला ती ऱ्हस्व. एकाच ओळीत दोन! सगळ्यांची यादी करून कंपनीला रजिस्टरने पाठवली. मेहुण्याने विचारलं, त्यात लिहिलंय काय ते कळलं का. मला हसू आलं. अठ्ठेचाळीस पानं लाल केलेल्या माणसाला हा विचारतो!

१२ मे
कंपनीचं पत्र. आभार मानले आहेत, पुढच्या छपाईत दुरुस्ती करणार. बायकोला दाखवायला गेलो तर ती आडवी पडली होती. जेवली नव्हती. उजव्या कुशीत तीन दिवस दुखतंय म्हणाली. पूर्वीही कधीतरी दुखायचं, पण असं नाही. म्हटलं, आता कसली काळजी, विमा आहे.

१४ मे
सोनोग्राफी झाली. पित्ताशयात खडे. डॉक्टरबाई म्हणाल्या पिशवी काढावी लागेल, फार थांबू नका. बायको घाबरली आहे. मी मात्र शांत. तिला प्रीमियमची पावती दाखवली.

१६ मे
हॉस्पिटलच्या विमा खिडकीवर नकार मिळाला. कारण: पित्ताशयातील खडे, प्रतीक्षा कालावधी चोवीस महिने. म्हणजे विमा घेतल्यापासून दोन वर्षं या दुखण्याचा खर्च मिळायचा नाही. म्हटलं, असं कुठे लिहिलंय? खिडकीतल्या बाईंनी पान सांगितलं. एकोणीस.
घरी येऊन उघडलं. माझ्या लाल खुणा दोन. त्यांच्या पुढेच 'चोवीस महिने'. ते शुद्ध छापलं होतं, म्हणून दिसलं नाही. मजकुराच्या अर्थात गुंतलात की चुका निसटतात, हे छापखान्यात नव्या माणसांना मीच सांगतो.

१७ मे
मार्ग सापडला. दोन वर्षं कडक पथ्य, मग हक्काने ऑपरेशन. बायकोला सुचवलं. तिने भावाला फोन लावून माझ्या हातात दिला. मेहुणा फोनवर बोलला. ते इथे लिहीत नाही.

१८ मे
तिला पुन्हा कळ आली. उशीत तोंड खुपसून होती. मला काही सुचेना. गाडी विकायचं ठरवलं. गॅरेजवाल्याने बंपरकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि बसायला स्टूल दिलं.

२१ मे, हॉस्पिटल, सकाळी १०
आज दाखल झालो. म्हणजे ती झाली. गाडीच्या किमतीत भागणार नव्हतं. बाकीचे कुणाकडे उसने मागायचे याची मनात जुळवाजुळव करत होतो, तेवढ्यात तिने पर्समधून एक कार्ड काढून खिडकीत दिलं. ती जिथे स्टोअर सांभाळते त्या कारखान्याचा सामूहिक विमा. सगळ्या कामगारांना असतो, पहिल्या दिवसापासून लागू, प्रतीक्षा वगैरे काही नाही. बाईंनी कार्ड पाहिलं, शिक्का मारला.
विचारलं, मला सांगितलं का नाहीस? आठ वर्षांपूर्वी सांगितलं होतं म्हणाली. मी तेव्हा शब्दकोशाची मुद्रितं तपासत होतो आणि हूं म्हणालो होतो. मग या चार दिवसांत? तर कार्ड नक्की चालेल का याची तिलाच खात्री नव्हती. ऑफिसातून कागद मिळवून, विचारून मगच बोलणार होती. एकदा तोंडावर पडलात तेवढं पुरे, म्हणाली. रागाने नाही.

दुपारी १२.४०
आत नेऊन तास झाला. कुणी काही सांगत नाही. मला भीती वाटते आहे. आत जाताना ती म्हणाली, खाऊन घ्या काहीतरी.

दुपारी १.१०
हात रिकामे राहवेनात म्हणून कार्डाबरोबरचा कागद वाचायला घेतला. एकच पान. सावकाश, अर्थ लावत वाचलं. पहिल्या ओळीत तिचं नाव. दुसऱ्या ओळीत माझं. नातं, पती. त्यापुढच्या रकान्यात एक शब्द: आश्रित.
तीनदा वाचलं. चूक नाही.