सातव्या महिन्यातले प्रश्न

२३ ऑगस्ट

नऊ दारं, एकही फॉर्म नाही! विद्यापीठातल्या झुआंगबाईंनी पाहणीची तारीख इंग्रजी कॅलेंडर बघून ठरवली. आपला चांद्र पंचांगातला सातवा महिना, भुतांचा महिना, आजच लागला. भुतं मोकळी सुटलेली, आणि मी घरोघर विचारतोय — मरणाबद्दल तुम्हाला कितपत माहिती आहे?

लिआओ आजी लसूण सोलत होत्या. पहिल्याच प्रश्नाला उठल्या आणि अपशकुन झटकायला माझ्या पायांवर मीठ-तांदूळ फेकले. "गाढवा, घरी म्हातारा बाप आहे ना? त्याला विचार जा!"

बाबांनाच तर विचारता येत नाही.

२५ ऑगस्ट

बाबांच्या यकृतात गाठ आहे. दादाने जूनमध्ये सांगितलं, आणि लगेच दम दिला — "त्यांना अल्सर म्हणून सांगितलंय. एक शब्द बोललास तर बघ! धीर सोडतील."

आमच्यात असंच करतात. आईलाही सांगितलं नव्हतं. शेवटी तिला रुग्णवाहिकेतून घरी आणलं, प्राण घरातच जावा म्हणून. घशात श्वासाची नळी. ती ओढू नये म्हणून हात बांधलेले. तुला हे हवंय का, कुणी विचारलं नाही. मीही नाही.

२८ ऑगस्ट

झुआंगबाईंचा फोन. "काका, बाकी गावांतून चाळीस-चाळीस आले. तुमचे तीन!" म्हटलं, बाई, 'चार'चा उच्चार मरणासारखा होतो म्हणून इथे चौथा मजला म्हणायलाही लोक कचरतात. "बरं, मग हा भुतांचा महिना संपेपर्यंत थांबू."

थांबू! बाबांना आज अर्धी वाटी पेजही गेली नाही.

३१ ऑगस्ट

माझूमातेच्या देवळात कौल लावला. बाबांना विचारू का? कौलाच्या दोन लाकडी चंद्रकोरी तीनदा टाकल्या. तिन्ही वेळा दोन्ही सपाट बाजू वर — म्हणजे ना हो, ना नाही; देवी नुसती हसली. उदबत्त्या विकणारा म्हणाला, "आधी तुमचंच ठरलेलं नाही, ती काय सांगणार?"

२ सप्टेंबर

शेतातून चारदा घराकडे निघालो. चारदा बांधावरून परतलो. पन्नाशीला आलो, तरी बापासमोर जीभ उचलत नाही.

६ सप्टेंबर

पौर्णिमा. दारात भुतांसाठी पान मांडलं — बदक, फळं, तोंड धुवायला पाणी आणि टॉवेल. दादा-वहिनी मागे भुतांच्या खर्चासाठी कागदी नोटा जाळत होते. बाबा खुर्चीतून म्हणाले, "सगळ्या गावाला विचारत फिरतोस म्हणे. आमचंच घर वगळलंस होय रे?"

फॉर्म काढला. खुर्चीजवळ बसून पहिला प्रश्न वाचला.

७ सप्टेंबर

काल पुढचं लिहवलं नाही. बाबांना अकरावा प्रश्न वाचून दाखवला — शेवटी श्वासाची नळी नको असेल तर तसा कागद आधीच करता येतो, हे माहीत आहे का?

"माहीत काय! मे महिन्यातच सही केलीय. साक्षीला तुझा दादा आणि वहिनी." मी पेन खाली ठेवलं. "मला सगळं ठाऊक आहे, हे धाकट्याला कळू देऊ नका, असं मीच त्यांना बजावलं. समोर बसून रडत राहिला असतास. — हं, पुढचा प्रश्न?"