तीन पायांचा बेडूक, बुजवलेले दार आणि समोरची खोली

मी, लिओंग सौ-कुएन, कै. चान काम-वेंग यांची पत्नी, वय एकाहत्तर, राहणार इपोह, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, स्वतःच्या जेवणाच्या टेबलावर लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे, तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. या घरात इतकी वर्षे काढूनही ते ठिकाणावर राहिले, हा माझ्या मते त्याहून मोठा दाखला. कोणी माझ्यावर दबाव आणलेला नाही. सल्ले पुष्कळ आले, ते मी मानलेले नाहीत.

कलम १. राहते घर माझ्या पश्चात माझी एकुलती मुलगी मेई-फोंग हिच्या पूर्ण मालकीचे होईल; कलम ५ मधील हक्क तेवढा तिने सांभाळावा. व्यवस्थापक म्हणून मी जावई इलंगोवन याला नेमते. तो गुरांचा डॉक्टर आहे. न बोलणाऱ्यांचे दुखणे ओळखण्याची त्याला सवय आहे, म्हणून या घरात त्याचा निभाव लागला.

लग्नाआधी मेई-फोंगच्या उशाशी माझ्या नणंदेने, म्हणजे आह-लानताईंनी, लाकडी बदकांची जोडी ठेवली होती. नवरा लवकर मिळावा म्हणून. पुढे पोरीने आपणहून तमिळ मुलगा पसंत केला, तेव्हा ताई गल्लीभर सांगत फिरल्या, "बदकांनी काम केलं हो, पण जरा तिरकी ठेवली गेली."

ती बदके मेई-फोंगला द्यावीत. ती अजून हसते त्यांना.

कलम २. घरातील इतर मूर्ती. तोंडात नाणे धरलेला तीन पायांचा बेडूक, ढेरपोट्या हसरा बुद्ध, आणि ज्याला दोन माणसांशिवाय हलवता येत नाही ते ड्रॅगनच्या तोंडाचे पितळी कासव, हे सर्व आह-लानताईंना परत करावे. आणलेही त्यांनीच होते.

कसे, ते लिहिते. माझ्या नवऱ्याचे कॉफी भाजून दळून विकायचे दुकान होते. समोर मोठा बाजार उघडला आणि गिऱ्हाईक तुटले. मी म्हणत होते, तयार कॉफीचे दोन टेबल मांडू, मी कायातोस्त, म्हणजे नारळ-अंड्याचा गोड मुरंबा लावलेला भाजका पाव, करीन. ताई मात्र होकायंत्राने घराच्या शुभ-अशुभ दिशा पाहणारे एक मास्तर घेऊन आल्या. मास्तरांनी घरभर फिरून सांगितले की स्वयंपाकघराच्या मागच्या दारातून लक्ष्मी गळते आहे. नवऱ्याने दुसऱ्याच दिवशी विटा आणून ते दार स्वतःच्या हाताने बुजवले. त्याच दारातून मी शेजारच्या राजेश्वरीशी बोलत असे, भाजीची वाटी देत-घेत असे. मी विचारले, "आणि धूर कुठून जायचा?"

"धुराचं बघू," ते म्हणाले. "आधी पैशाचं बघू दे."

धूर घरातच राहिला. दुकान तरीही बंद पडले.

कलम ३. मागचे दार. इलंगोवनने सर्वांत आधी गवंडी बोलावून ते दार उघडावे. हे काम मी जिवंतपणी करणार होते. गवंडी आला की ताई भिंतीला पाठ लावून बसायच्या आणि म्हणायच्या, "माझ्या भावाचे हात लागलेत या विटांना. आधी मला फोड." गवंडी कॉफी पिऊन परत जायचा.

माझे म्हणणे असे आहे. नवरा स्वयंपाकघरात छातीवर हात धरून खाली बसले. रुग्णवाहिका लगेच आली. पण समोरच्या दालनात कासव, त्याचे कपाट, माशांची टाकी, स्ट्रेचर वळेना. मागे भिंत. टाकी सरकवताना पाणी सांडले, एक पोरगेला कर्मचारी घसरून पडला. शेवटी त्यांना चादरीत घालून उचलून नेले. रुग्णालयात डॉक्टर म्हणाले, "लवकर आणलं असतं तरी फरक पडला नसता." हे खरे म्हणून सांगितले की माझ्याकडे पाहून सांगितले, ते मला आजवर कळलेले नाही.

आणि अंत्यविधीला, धूप हातात असताना, ताई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "फरशी पुसताना हिने बेडकाचं तोंड दाराकडे केलं, घरातलं भाग्य बाहेर गेलं. त्यानंच गेला माझा भाऊ."

मी माझा धूप खोचून मागे सरले. उत्तर आज लेखी देते: बेडूक बेडूकच होता. कासव मात्र वाटेत होते.

कलम ४. कॉफी भाजण्याचे पिंप, चक्की व चाळण्या न्हावी फूंग ता-कोंग यांच्या सुनेला द्याव्यात. तिला टपरी टाकायची आहे. बँकेतील ठेव मेई-फोंगची. माझ्या अस्थी कुठल्या दिशेला ठेवाव्यात यावर कोणीही मास्तर बोलावू नये.

कलम ५. घरातील रस्त्याकडची खोली आह-लानताईंना त्यांच्या हयातीपर्यंत राहायला द्यावी. त्यांना कोणी काढू नये.

मेई-फोंग, तू फोनवर ओरडलीस, "आई, त्यांना? एवढं सगळं करून?" म्हणून कारण लिहिते. ताईंची भाड्याची जागा पाडणार आहेत. आई गेल्यावर भावाला त्यांनीच वाढवले, हॉटेलात बश्या विसळून. लग्न केले नाही. ती सगळी पितळ-लाकडे त्याचे बरे व्हावे म्हणून स्वतःच्या पोटाला चिमटा काढून आणली. तो गेल्यावर त्यांना दोष ठेवायला जागा हवी होती, आणि बेडकाजवळ मी उभी होते. माझा राग गेलेला नाही. राग एकीकडे, खोली एकीकडे.

हे कलम अर्धे झाले असताना ताई आल्या. मी सांगितले, "ताई, समोरची खोली मरेपर्यंत तुमची. लिहून ठेवतेय."

त्या खोलीच्या उंबऱ्यात बराच वेळ उभ्या राहिल्या. मला वाटले, आता रडतील, निदान माफी तरी मागतील.

"या खोलीचं तोंड पूर्वेला ना गं?" त्या म्हणाल्या. "माझ्या जन्मसालाला पूर्व चालत नाही."

"मग काय करू, घर फिरवू?"

"नको. पलंग फिरवला की भागेल. तू ती बाजू धर."

मी धरली. मग हात धुऊन येऊन हे कलम पुरे केले.

वरील मजकूर मी वाचला, खोडलेले काही नाही, आणि साक्षीदारांदेखत सही केली. त्या दोघांनीही माझ्यासमोर सही केली.

लिओंग सौ-कुएन (सही)

साक्षीदार:
१. राजेश्वरी मुत्तुसामी, शेजारीण (सही)
२. फूंग ता-कोंग, केशकर्तनालय चालक (सही)

स्थळ: इपोह
दिनांक: १४ ऑगस्ट २०१९