बोर्ड गेलं म्हटलेलं मशीन

काका, तुमच्या मुलीचा लॅपटॉप सुरू करायला खर्च आला एका खोडरबराचा, आणि तोही तिच्याच पर्समधून निघाला. त्यापलीकडे जे गेलं ते माझं गेलं. ते तुम्हालाच सांगण्यासारखं आहे, म्हणून लिहायला बसलो.

तुमच्यामागे रेडिओ गेले, मग टीव्हीही गेले, आता लॅपटॉप दुरुस्त करतो. गुढियारीच्या हमालाचा पोरगा मी, आता गोल बाजारात स्वतःच्या दुकानात बसतो. मी 'बोर्ड गेलं' म्हटलं की गेलं, रायपुरात मग कोणी दुसरं दुकान शोधत नाही. हे मी गिऱ्हाइकांना हसत हसत सांगतो, पण सांगतो. आणि कान तर तुम्हीच तयार केलेला. पायरीवर कोणी "चल, दूसरी जगह पूछते हैं" असं हळूच म्हटलं तरी मला कळतं. मग मी भाव तोच ठेवतो आणि चहा मागवतो. माणसं बसतात.

मंगळवारी दुपारी ताई आली. लॅपटॉप सकाळपासून मुका. तिचे यजमान गेल्यापासून ती त्याच्यावरच पोरांना गणित शिकवते, घर त्याच्यावर चालतं, आणि संध्याकाळी सहाला क्लास होता. मी म्हटलं, "ताई, दुकानातला एक घेऊन जा." तर म्हणते, "फुकटचं देशीन तर मी चालली. बाबांची पोरगी आहे मी." तुमचाच हट्ट. मी चार्जर मीटरवर तपासला, बरोबर. बॅटरी काढून बटण अर्धा मिनिट दाबून धरलं, पुन्हा लावली. दिवा लागला, पण पडदा काळाच. दुसरा पडदा जोडला, तोही काळा. आणि मी ते वाक्य बोललो, "ताई, बोर्ड गेलं."

तिनं पिशवीची घडी घातली, उलगडली. "नवीन तर जमत नाही रे आता," म्हणाली. मग मशीनकडे बघून, "पण हे टीं टीं काहून करून राहिलं?"

"काय?"

"हे. तीनदा करते, थांबते. तुले आयकू नाही येत?"

मी हसलो. पंखा बंद केला. शटर अर्धं ओढलं. कान मशीनला लावला. काका, काही नव्हतं तिथे.

तुमची ब्राह्मणपाऱ्यातली समोरची खोली आठवली. रेल्वेची ड्यूटी करून तुम्ही आलेले, नुसत्या बंडीत बसलेले, समोर कोणाचा तरी रेडिओ. मी शहाणपणा करून मागचं झाकण काढलेलं. तुम्ही माझ्या हातातला पेचकस घेता आणि हळूच विचारता, "काहून खोललं? त्यानं काही सांगतलं काय तुले?" सगळे स्क्रू पुन्हा लावायला लावता. "पोट्ट्या, आंधी आयक, मंग खोल." आणि पेचकसाचं टोक रेडिओला टेकवून त्याची लाकडी मूठ कानामागच्या हाडावर दाबून डोळे मिटता. बिघाड प्लगच्या वायरीत निघाला होता. तोच पेचकस तुम्ही पुढे मला दिला. मी मूठ हाडाला लावायची ढब उचलली, ती कला म्हणून. मग लॅपटॉप आले, त्यांच्यात गुणगुणणारं काही राहिलं नाही, पेचकस गल्ल्याशेजारी शोभेला पडला.

मंगळवारी तो उचलला. टोक मशीनच्या स्पीकरला, मूठ हाडाला. ऐकू आलं की नुसतं जाणवलं, सांगता येत नाही. पण तीन ठोके. थांबून पुन्हा तीन.

ताई मला बघत होती. म्हणाली, "अगदी बाबा. त्यांचा डावा कान पोरपणीच गेला होता, म्हणून ते तसं करत. रेल्वेत कळू दिलं नाही, नोकरी गेली असती. तुले नव्हतं सांगतलं?"

नव्हतं सांगितलं, काका. "माझ्या उजवीकडे बस," एवढंच म्हणायचे. मला वाटायचं, तो माझा मान आहे.

या मशीनमध्ये तीन ठोके म्हणजे मेमरीत बिघाड. बोर्डाला काही झालं नव्हतं, मेमरीच्या पट्टीचे दात काळे पडले होते. पोरांच्या वह्या तपासते म्हणून ताईजवळ खोडरबर असतोच. त्यानं दात घासले, पट्टी खटकन बसवली, बटण दाबलं. पडदा उजळला तेव्हा माझ्या पाठीवरून गोणी उतरल्यासारखं झालं. साडेपाचला ती निघाली. मजुरी विचारली, मी म्हटलं, "खोडरबर तुझा, कान तुझा, मजुरी कशाची?" त्यावर मात्र ती हसली आणि गेली.

कानाच्या डॉक्टरकडे काल जाऊन आलो. बोलणं ऐकू येतं, बारीक आवाज गेले. खरं सांगू, बरं वाटलं. गेले काही महिने बायको कुकरची शिट्टी झाली म्हणायची आणि मी तिच्याशी भांडायचो.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, पेचकसाखाली ठेवतो. एक गोष्ट फक्त ताईला आणि आता तुम्हाला माहीत. मागच्या फळीवर 'बोर्ड गेलं' अशी माझ्या हातची चिठ्ठी लावलेली तीन मशीन पडून होती, भंगारवाला शनिवारी यायचा होता. आज क्लास नव्हता, म्हणून ताईला बोलावून स्टुलावर बसवलं आणि एकेक मशीन लावून ऐकवलं.

तीनपैकी दोन टीं टीं करतात.