दुसऱ्या ऑपरेशनपर्यंत

सेन्सेई, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली. आज वर्ग संपवून स्टेशनवर उभी होते आणि तुमच्याशी बोलावंसं वाटलं. नव्वदच्या दशकात नवऱ्याच्या सॉफ्टवेअरच्या नोकरीमागून मी टोकियोत, फुनाबोरीला आले, वॉर्डाच्या शिकवणीत जपानी शिकले, आणि हिंदी येणारं कुणीतरी हवं म्हणून तुम्ही मला शोधून काढलंत. तुम्ही विद्यापीठात परदेशी लोकांच्या हक्कांचा कायदा शिकवायचात आणि उरलेल्या वेळात त्यांचेच खटले लढायचात. मला वाटलं होतं, चार कागदांचं भाषांतर असेल.

पहिल्याच दिवशी तुम्ही मला योकोहामाजवळच्या इमिग्रेशनच्या एका कोठडीत नेलंत. काचेपलीकडे बिहारचा एक माणूस बसलेला. व्हिसा कधीच संपलेला, पत्र्याच्या कारखान्यात प्रेसखाली उजवा हात सापडलेला. हात सरळ व्हायला दुसरं ऑपरेशन हवं होतं, आणि तोवर त्याला परत पाठवू नये एवढंच तुम्ही कोर्टाकडे मागत होतात. तो मला लगेच दीदी म्हणू लागला. एकदा त्याने विचारलं, "दीदी, साहब क्या बोले? हो जाएगा ना?" तुम्ही एवढंच म्हणाला होतात की आज सांगण्यासारखं काही नाही. मी तुमच्याकडे वळून हळूच विचारलं, "सेन्सेई, थोडं काहीतरी बरं सांगू का?" तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, "नको. त्याच्याशी सगळे गोडच बोलतात. मी म्हणतो तेवढंच सांगा." माझे कान लाल झाले. मी तेवढंच सांगितलं. त्याने मान हलवली आणि तो हात मांडीवरून उचलून टेबलावर ठेवला, आम्हाला पुन्हा एकदा नीट बघता यावा म्हणून.

मग तो गुरुवार. कोठडीच्या खिडकीतला कर्मचारी कमरेत वाकून, अगदी अदबीने सांगतो, ते आज सकाळच्या विमानाने रवाना झाले. कोर्टाचा निर्णय अजून यायचाच आहे. तुम्ही तिथेच उभे, हातात त्याच्यासाठी आणलेली केळ्यांची पिशवी. मी चिडून विचारते, "असं कसं पाठवू शकतात?"

"पाठवू शकतात," तुम्ही म्हणता. "नियम कुणी मोडलेला नाही. मी दर मंगळवारी वर्गात शिकवतो, तोच नियम आहे."

परतीच्या गाडीत ती पिशवी तुम्ही माझ्या मांडीवर ठेवलीत. घरी केळी कुणाच्याच घशाखाली उतरली नाहीत. काळी पडली, तेव्हा मी ती कचऱ्यात ठेवून आले. पुढे कोर्टाने कळवलं की माणूसच देशात नाही, तेव्हा निर्णय देण्यासारखं काही उरलेलं नाही. त्याच्या गावी आपण पत्र पाठवलं, उत्तर आलं नाही. त्या हाताचं काय झालं, आपल्याला कधीच कळलं नाही. आणि पुढच्या आठवड्यात तुम्ही दुसऱ्या कुणासाठी त्याच काचेसमोर बसलात, शेजारी मी.

नंतर मीही कायदा शिकले. आता तुमचाच विषय शिकवते, आणि तुमच्यासारखीच बहुतेक वेळा हरते. आज वर्गात एका मुलीने विचारलं, "सेन्सेई, हरायचंच असेल तर जायचं कशाला?" मी म्हटलं, "माझे सेन्सेई म्हणायचे, आपण गेलो नाही तर त्या माणसाला खरं सांगणारं कुणीच उरत नाही." मुलीने ते वहीत लिहून घेतलं. तिला पटलं असावं.

हे तुमच्यापर्यंत पोचणार नाही, म्हणून सांगते. तुम्ही असं कधीच म्हणाला नव्हतात. मी तुम्हाला तो प्रश्न विचारलाच नाही. तुमच्याकडेही उत्तर नसेल, याची मला भीती वाटायची.