फोनवर ‘बरी आहे’ म्हणू नकोस

आई,

मी आत झोपले आहे. जेवायला उठवू नकोस, जाग आली की मीच घेईन. काल केस धुतले, त्याचा थकवा आज अंगावर आलाय.

चार वाजता त्या संशोधनवाल्या डॉक्टरबाईंचा फोन येईल. मागच्या वेळी मला तीन जिने चढून तपासणीला जाता आलं नाही, म्हणून त्यांनी घरी फोन केला. तू सवयीने म्हणालीस, “बरी आहे हो आता.” त्यांनी माझ्या नावापुढे ‘सुधारणा’ लिहून टाकलं. सहा वर्षांत आजार कशाने झाला ते त्यांना कळलं नाही, पण मी बरी झाले हे एका फोनात कळलं.

आज खरं सांग. ती दात घासायलाही स्टुलावर बसते म्हणावं, आणि ही चिठ्ठी तिने मध्ये तीनदा आडवी होऊन लिहिली. त्यात कमीपणा कसला?

आत्याला, शेजारच्या काकूंना काय सांगायचं ते सांग. मलाही संध्याकाळी “आज बरी दिसतेस” म्हणालीस तरी चालेल. तुझ्या तोंडून ऐकायला आवडतं. फक्त लिहून घेणाऱ्यांना तसं सांगू नकोस.

धाकटी